खासदाराची चिठ्ठी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेकीच्या नावाची वेस्ट पॉइंटसाठी शिफारस झाली, हे मी डिसेंबरात आपल्या ग्रुपवर टाकलं. अभिनंदनाबरोबर पाच-सहा जणांनी एकच प्रश्न विचारला, "खासदार ओळखीतला आहे का गं?" मला दहा मिनिटं मिळाली आहेत, त्यात याचंच उत्तर देते.

ओळखीतला नाही. आम्ही त्याला मत दिलं होतं की नाही, हेही कुणी विचारलं नाही.

वेस्ट पॉइंट ही अमेरिकी लष्कराची अकादमी, १८०२ सालची. तिथे नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नाही. बहुतेकांना आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीची किंवा राज्याच्या सिनेटरची शिफारस लागते. एका सदस्याच्या नावावर एका वेळी पाचच विद्यार्थी तिथे असू शकतात. देशाच्या सगळ्या भागांतून मुलं यावीत म्हणून ही मतदारसंघवार वाटणी आहे, १८४३ च्या कायद्याने ती पक्की झाली.

पूर्वी हे बरंचसं चिठ्ठीवरच चालायचं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रँटची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्याच्या वडिलांचं आणि स्थानिक प्रतिनिधीचं बिनसलेलं होतं, तरी १८३९ मध्ये त्याने पोराचं नाव पाठवलं. फक्त चुकीचं पाठवलं! हायरम युलिसिस ग्रँटचा युलिसिस एस. ग्रँट झाला आणि जन्मभर तसाच राहिला. आपल्या दाखल्यांवरच्या नावांचे घोळ आठवतात ना?

आता तसं नाही. लेकीने प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर अशा तिघांकडे वेगवेगळे अर्ज केले. निबंध, शिक्षकांची पत्रं, गुणपत्रिका. शिवाय अकादमीची वैद्यकीय तपासणी आणि शारीरिक चाचणी. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा, जोर काढायचे, एक मैल पळायचं. चार महिने आमच्या गॅरेजमधल्या दांड्याला ती लोंबकळत होती. मला आपल्या मैदानावरचा दोरीचा मल्लखांब आठवायचा आणि खालून ओरडणारे आपले पीटीचे सर.

मुलाखतीला समोर निवृत्त लष्करी अधिकारी आणि शिक्षक बसले होते. त्यांनी विचारलं, "घरच्यांना काय वाटतं?" ती म्हणाली, "बाबांना अभिमान वाटतो. आईला अजून पटलेलं नाही."

घरी येऊन तिने मला हे जसंच्या तसं सांगितलं. खरंच होतं ते. शिक्षण फुकट, वर भत्ता, पण पदवीनंतर किमान पाच वर्षं प्रत्यक्ष सैन्यात. पाठवतील तिथे जायचं. मी दिवसभर सर्व्हर बंद पडू नयेत म्हणून धडपडणारी बाई. माझ्या कामात काही बिघडलं तर रात्री फोन येतो, एवढंच. तिच्या कामात बिघडलं तर फोन कुणाला येईल, ते मला ठाऊक आहे. शिवाय गणवेश दुसऱ्या देशाचा. तिच्या आजोबांना हे सांगताना मी दोनदा विषय बदलला. तिचा मात्र तो जन्माचा देश आहे, तिला हा प्रश्नच पडत नाही.

आपण बारावीत असताना एनडीएचे फॉर्म आले होते. मुलींना ती परीक्षाच देता येत नव्हती, म्हणून आम्ही मागच्या बाकांवर बसून मुलांचे फॉर्म भरून दिले. अक्षर चांगलं म्हणून! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दार उघडलं, २०२२ मध्ये मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये सतरा जणी तिथून बाहेर पडल्या. तो संचलनाचा व्हिडिओ लेकीने मला दाखवला. मी तो तीनदा पाहिला, तिच्या देखत एकदाच.

तर वशिल्याचं उत्तर असं. शिफारस मिळाली, पण प्रवेश अजून नाही. एकाच जागेसाठी अनेक नावं जातात, निवड शेवटी अकादमीच करते. पत्र येईल किंवा येणार नाही. रोज सकाळी ती उठण्याआधी मी तिचा अर्ज कुठवर आला ते उघडून बघते. पटलं आहे का, असं तिने पुन्हा विचारलेलं नाही.

ज्यांची मुलं तिकडे आहेत आणि या वाटेने जायचं म्हणतात, त्यांनी अकरावी संपतानाच कामाला लागा. बाकी तपशील जेवणाच्या पंगतीत सांगते, बाई मघापासून घड्याळाकडे बघताहेत.