बांधावरचे दोन निवडुंग



शेताच्या बांधावर कधीकधी फड्या निवडुंग आणि त्रिधारी निवडुंग शेजारी-शेजारी दिसतात. दोघांचीही खोडं हिरवी, मांसल, काटेरी. पण त्यांचं नातं इतकं दूरचं, की एकमेकांचं सुतकही लागू नये! दोघांचा समाईक पूर्वज शोधायला १० कोटी वर्षांहून मागं जावं लागेल.

फड्या हा खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेचा. घोळ, राजगिरा, बीट ही त्याची भावकी. त्याचं पिकलं बोंड खाल्लं की जीभ लालभडक होते, तो रंग बीटच्याच रंगद्रव्यांतला. त्रिधारी मात्र आपल्याकडचाच, एरंडाच्या कुळातला.

हे ओळखायचं कसं? काटे बघा. फड्याचे काटे एका लोकरी ठिपक्यातून झुबक्यानं निघतात, आणि बुडाशी बारीक कुसं असतात. बोटात रुतल्यावर त्रास देतात ती हीच. त्रिधारीचे काटे धारेवर जोडीजोडीनं. त्याला खरचटलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांपासून लांबच ठेवा. फड्याला चीक नाही.

खरी गंमत फुलात आहे. फड्याचं फूल मोठं, पिवळंजर्द. त्यातल्या पुंकेसरांना काडी लावा, ते हळूहळू आत वळतात. त्रिधारीला पाकळ्याच नाहीत. एका इवल्या पेल्यात मधोमध एक मादीफूल आणि भोवती एकेका पुंकेसराची नरफुलं. आपण ज्याला एक फूल समजतो, तो अख्खा गुच्छ असतो.

मग रूप सारखं का? पाण्यापायी. दिवसा रंध्रं मिटायची, रात्री उघडून हवेतला कर्बवायू साठवायचा, ही युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे साधली.

आपले डोळे फसतात, किडा फसत नाही. किरमिजी रंगाच्या आशेनं १७९५ मध्ये ब्राझीलहून एक किडा भारतात आणला गेला. रंगाचा असली किडा तो नव्हताच. पण त्यानं ‘मोनाकँथा’ जातीच्या फड्याचा फडशा पाडला. ‘डिलेनी’ जातीच्या फड्यावर मात्र त्याची मात्रा चालली नाही. त्यासाठी १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून दुसरा किडा आणावा लागला. त्रिधारीच्या वाटेला दोघांपैकी एकही गेला नाही.