पायरी चुकते तेव्हां

सिंहगडाच्या वाटेवरील धायरी हें गांव आतां पुणें शहरांतच मोडतें. तेथें लहान यंत्रशाळा पुष्कळ. त्यांच्या सहवासानें म्हणा, मीहि घराच्या पडवींत लांकूड कोरण्याचें सी.एन.सी. यंत्र, म्हणजे संगणकाच्या हुकुमानें चालणारें यंत्र, उभें केलें. गेल्या पावसाळ्यांत देव्हाऱ्यासाठीं सागाची फळी त्यावर कोरीत होतों. पांच तासांचें काम संपत आलें आणि एकाएकीं नक्षी जवभर सरकून उमटूं लागली. यंत्र मात्र कांहींच घडलें नाहीं अशा डौलांत चालू! फळी वायां गेली.

साध्या स्टेपर मोटरचा हा स्वभावच आहे. विजेच्या एकेका ठोक्यासरशीं ती १.८ अंश वळते. अशा २०० पायऱ्यांनीं एक फेरा पुरा होतो. आट्यांचा दांडा फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एका पायरीस मिलिमीटरचा चाळिसावा भाग येतो. मोटर स्वस्त व सोपी खरी. परंतु वेग वाढला कीं तिचा जोर ओसरतो, आणि पायरी चुकली तर सांगावयास तिला तोंड नाहीं. मोठी मोटर बसवावी, तर विजेचा दाब तेवढाच असतां ती वेगांत बहुधा लवकरच दमते.

हायब्रिड सर्व्हो म्हणजे तीच मोटर, पाठीवर एन्कोडर बसविलेली. पुष्कळदां त्याची १००० रेघांची चकती एका फेऱ्यांत ४००० खुणा देते. मोटर मागें पडतांच ड्रायव्हर प्रवाह वाढवून उणीव भरून काढतो; तेंहि न साधल्यास इशारा देतो. ओझें हलकें असतां प्रवाह कमी, म्हणून ती तापतेहि कमी. मात्र इशाऱ्याची तार नियंत्रकास जोडली नाहीं, तर एक मोटर थांबते आणि बाकीच्या खुशाल चालत राहतात. शिवाय एन्कोडरची नजर मोटरच्या आंसापुरतीच. पुढचें कप्लिंग सैल असेल तर त्यास पत्ता नाहीं.

म्हणून प्रथम रूळ व आटे पाहावे. माझ्या रुळांवर दमट भुसा साचला होता! अर्ध्या तासाच्या किरकोळ कामास साधी स्टेपर पुरे. जेथें दिवस आणि मोलाचें लांकूड गुंततें, तेथें हायब्रिड सर्व्होचा जादा खर्च मला रास्त वाटतो. मीं आडव्या दोन अक्षांना तशा मोटरी बसविल्या, इशाऱ्याच्या तारा जोडल्या. उभ्या अक्षाची धांव तोकडी, चाल मंद. तेथें जुनी स्टेपरच ठेविली आहे. सागाची फळी तेवढी आणावयाची आहे.