बंबावरच्या मुली
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या हळदीकुंकवाला एकीने मला विचारले, "तुमची भाची बंबावर काय करते हो? चहा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण खरे सांगते, तिने अर्ज आणला तेव्हा मीच तो दोन दिवस कपाटात दडवून ठेवला होता.

माझी भीती अगदीच खोटी नव्हती. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला. स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान परत आले नाहीत. अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठीच.

पण या कामात नुसत्या छातीवर भागत नाही, हे मला भाचीच्या शिक्षणामुळे कळले. दहावी झालेल्यांना राज्याचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आहे, पदवीधरांना उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा. शिडी, दोराच्या गाठी, पाण्याचा होज, पाठीवर हवेचे नळकांडे. धूर वर चढतो आणि जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते, म्हणून भिंत न सोडता रांगत जायचे. हे इतक्या वेळा करवून घेतात, की पुढे अंधारातही हातपाय चुकू नयेत.

नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून आहे. तिथे पहिली मुलगी शिकायला आली ती 2002 साली, नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर. मधली पंचेचाळीस वर्षे किती अर्ज कपाटात राहिले असतील, देव जाणे!

परवा पुऱ्या तळताना माझ्या कढईतले तेल पेटले. मी तांब्या उचलला, तोच भाची ओरडली, "मावशी, पाणी नको!" तिने गॅस बंद केला, बाजूने सरकवत कढईवर परात झाकली, आणि कढई निवेपर्यंत मला ती उचलू दिली नाही. उकळत्या तेलात पाणी पडले की त्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते, हे तिने नंतर समजावले. तीस वर्षे स्वयंपाक करून मला हे ठाऊक नव्हते.

भाची आज येणार होती, पण तिची रात्रपाळी आहे. अर्जाची माहिती तिने लिहून दिली आहे. ज्यांच्या मुलींना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून घ्यावी. उंचीची अट मात्र आधी वाचा.