नगराचा नकाशा आणि नगराचा रहिवासी

(नगरपालिकांचे सदस्य, अधिकारी व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नगराच्या भवितव्याचा विचार सुरू झाला की प्रथम नकाशा टेबलावर येतो आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ ओढली जाते. कार्यालयाच्या दृष्टीने ती रेघ म्हणजे रुंद रस्ता असतो. परंतु ज्याच्या ओसरीवरून ती जाते त्याच्या दृष्टीने ती घर जाण्याची पूर्वसूचना असते. एकाच रेघेचे हे दोन अर्थ परस्परांना भेटावेत कसे, हाच नगरनियोजनातील लोकसहभागाचा मूळ प्रश्न होय. शंभर वर्षांपूर्वी इंदूर नगरीत या प्रश्नाचे एक उत्तर भर रस्त्यात, वाजतगाजत दिले गेले होते. त्या प्रसंगाचे स्मरण आजही उद्बोधक ठरावे.

साहेबाची धास्ती

पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या या विद्वानाने सजीवांच्या अभ्यासाची दृष्टी नगरांच्या अभ्यासाला लावली. १९१४ साली ते भारतात आले आणि पुढील काही वर्षांत ठाणे, नागपूर, बडोदे, लखनौ इत्यादी अनेक नगरांची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापनाची धुरा त्यांच्याकडे आली. तत्पूर्वी, महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, इंदूर दरबाराने त्यांना नगराच्या विकासाची योजना तयार करण्यास पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

गेडिस यांची पद्धत अशी की, आधी निदान आणि मग उपचार. हाती नकाशा घेऊन ते दिवसचे दिवस गल्लीबोळांतून पायी हिंडत. परंतु इंदूरकरांना या हिंडण्याचा अर्थ निराळाच वाटला. नगरात प्लेगची साथ होती. नकाशा घेऊन हिंडणारा अधिकारी म्हणजे घरे पाडणारा, हा त्यांचा पूर्वानुभव होता. त्यामुळे हाच तो प्लेग आणणारा साहेब, अशी कुजबूज त्यांच्या पाठीमागे होऊ लागली. ही कुजबूज कानी आल्यावर गेडिस रागावले नाहीत. लोक अडाणी आहेत, असा निष्कर्षही त्यांनी काढला नाही. नकाशा लोकांना समजलेला नाही आणि तो समजावून देणे हे नकाशा करणाऱ्याचेच काम आहे, एवढे त्यांनी ओळखले.

एका दिवसाची सत्ता

त्यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली. एका दिवसापुरते आपणास इंदूरचे महाराज करावे! ती मान्य झाली आणि १९१७ सालच्या दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक निघणार असल्याचे जाहीर झाले. त्यात मेख अशी होती की, मिरवणूक यंदा नेहमीच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या भागातील रहिवासी आपली घरे व रस्ते सर्वांत अधिक स्वच्छ करतील, डागडुजी व रंगसफेदी करतील, त्या भागांतून ती जाणार होती.

जाहीरनाम्याचा परिणाम तत्काळ दिसला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत चढाओढ लागली. केरकचरा विनामूल्य उचलला जाईल, असे आश्वासन असल्याने वर्षानुवर्षे कोनाड्यांत व परसांत साचलेला कचरा गाड्या भरभरून बाहेर पडला. उंदीर पकडण्याची मोहीम घरोघर सुरू झाली.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, उंट होते. सुगीचे देखावे होते. त्यामागून घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर चालले होते. नंतर स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, फुलांनी सजविलेले नवे झाडू घेऊन सफाई कामगार आले. ज्यांच्याकडे एरवी कोणी मान वर करून पाहत नसे, त्यांना त्या दिवशी नगराने मानवंदना दिली. पाठोपाठ इंदूर नगरीची देवता आली. तिच्या निशाणावर नगराचा नकाशा मोठ्या ठळक रेषांत काढलेला होता आणि त्यात सुचविलेले बदल दाखविले होते. पुढे व्हावयाच्या सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती, गवंडी-कुंभारादी कारागीर आणि शेवटी घरोघर वाटण्यासाठी रोपे व तुळशी होत्या. सायंकाळी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. पुढे प्लेग ओसरला. साथीचा हंगाम संपत आला होता हेही त्याचे एक कारण होते. तथापि लोकांच्या मनातील भीती गेली, हे श्रेय मिरवणुकीकडेच जाते.

झाडू आणि निशाण

या हकिकतीतील झाडू सर्वांच्या लक्षात राहतो, परंतु निशाणावरील नकाशाचा मात्र विसर पडतो. गेडिस यांनी लोकांकडून केवळ श्रमांची अपेक्षा केली नव्हती. ज्या नगरासाठी श्रम करावयाचे त्याचे पुढचे रूपही त्यांनी लोकांपुढे धरले. भीतीचे कारण असलेला नकाशा कचेरीतून बाहेर काढून त्यांनी तो उत्सवात आणला.

अहवालातही हीच दृष्टी आढळते. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापून काढण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. एखादे पडके घर काढून तेथे चौक मोकळा करावा, विहीर दुरुस्त करावी, झाड लावावे, गल्लीचे वळण थोडे सैल करावे. म्हणजे कुशल शल्यवैद्याप्रमाणे कमीत कमी कापून रोग बरा करावा, असे त्यांचे सांगणे होते. कोणते घर राहण्याजोगे आहे आणि कोणत्या विहिरीचे पाणी गोड आहे, हे तेथील रहिवाशांनाच ठाऊक असते. म्हणून कमी तोडफोडीच्या नियोजनास रहिवाशांच्या ज्ञानावाचून गत्यंतर नसते.

बरोबर एका शतकानंतर, २०१७ साली, देशव्यापी स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर प्रथम क्रमांकावर आले आणि पुढील वर्षांतही ते स्थान त्याने टिकविले. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लाखो कुटुंबांनी लावून घेतल्यावाचून हे घडले नसते. झाडू हाती घेण्यास हे नगर कधीच मागे राहिलेले नाही. परंतु नकाशा लोकांच्या हाती किती आला? १९९१ हे लक्ष्यवर्ष धरलेला पहिला विकास आराखडा सत्तरच्या दशकात अमलात आला. २०२१ हे लक्ष्यवर्ष असलेला दुसरा आराखडा लागू झाला तो २००८ साली. म्हणजे एका आराखड्याचे लक्ष्यवर्ष उलटल्यापासून दुसरा हाती येईपर्यंत सतरा वर्षे गेली. १९९१ साली जन्मलेले मूल तोवर शालान्त परीक्षेचे वय ओलांडून गेले. त्या काळात नगर वाढावयाचे थांबले नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या एकोणीस लाखांवर गेली. आराखडा वेळेवर आला नाही, तर वस्ती आपला मार्ग आपण काढते आणि मग नाले, नदीकाठ व मोकळी मैदाने यांचे रक्षण करणे दुरापास्त होते.

कायद्याने दिलेली संधी

लोकांना विचारावे, असे कायदा सांगत नाही असे नाही. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर व ग्राम निवेश अधिनियमात जमिनीच्या विद्यमान वापराचा नकाशा आणि विकास आराखड्याचे प्रारूप, या दोन्ही टप्प्यांवर हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तर नगरनियोजन हा विषय बाराव्या अनुसूचीत अगदी पहिला ठेवला आणि तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली.

अडचण आहे ती व्यवहारात. सूचनेची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते. नकाशा कचेरीच्या भिंतीवर लागतो. त्यातील रंग आणि संज्ञा सामान्य माणसास उमगत नाहीत. हरकत बहुधा तोच घेतो ज्याची जमीन जाते आणि ज्यास वकील परवडतो. भाडेकरू, फेरीवाला, पट्टा नसलेल्या वस्तीतील कुटुंब यांचे भवितव्यही त्याच नकाशावर ठरते; परंतु त्यांचा अर्ज क्वचितच दाखल होतो.

यावर अधिकारीवर्गाचे दोन आक्षेप असतात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, सर्वांना विचारत बसल्यास विलंब होतो. परंतु न विचारता केलेला आराखडा न्यायालयांत आणि मोर्च्यांत अडकतो तेव्हा होणारा विलंब अधिक मोठा असतो. दुसरा आक्षेप असा की, आराखडा आधीच उघड झाल्यास जमिनीची सट्टेबाजी होते. वस्तुतः सट्टेबाजी गुप्ततेवर पोसली जाते. रेघ कोठून जाणार हे चार जणांनाच ठाऊक असेल, तर लाभ त्या चौघांचा होतो. सर्वांना एकाच दिवशी ठाऊक झाले तर ती संधी पुष्कळ कमी होते.

रहिवाशांनीही एक गोष्ट मान्य करावयास हवी. आपल्या गल्लीतील दिवा आणि आपल्या दारातील गटार यांपलीकडे पाहण्याची सवय अद्याप रुजलेली नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ सालापासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागविण्याची प्रथा सुरू केली, ती स्तुत्य आहे. परंतु एका वर्षाच्या अंदाजपत्रकात बसणारी कामे आणि वीस वर्षांनी नगरास पाणी कोठून मिळणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना काही वेळा स्वतःच्या अंगणातील दोन हात जागाही सोडावी लागते. ती सोडण्याची तयारी, निर्णय आपल्यासमोर आणि सकारण झाला असेल, तरच होते.

काय करता येईल

यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. प्रारूप तयार झाल्यावर नव्हे, तर पाहणी चालू असतानाच प्रत्येक प्रभागात नकाशा मांडावा आणि तो लोकांच्या भाषेत समजावून देणारा कर्मचारी तेथे सायंकाळीही उपस्थित असावा. जुनी विहीर, बुजलेला नाला, पावसात पाणी भरणारा चौक यांची नोंद रहिवाशांकडून करून घ्यावी. आलेली प्रत्येक सूचना स्वीकारली की नाकारली, आणि कोणत्या कारणास्तव, हे प्रसिद्ध करावे. दर पाच वर्षांनी आराखड्याचा किती भाग प्रत्यक्षात उतरला, याचा हिशेब प्रभागापुढे ठेवावा. आणि शाळांतील मुलांना तो नकाशा अवश्य दाखवावा. कारण वीस वर्षांनंतरच्या नगरात संसार मांडणार आहेत ती तीच.

गेडिस यांना एका दिवसाची सत्ता मिळाली होती आणि तेवढ्या अवधीत लोकांच्या मनातील धास्ती दूर करता आली. नगरपालिकांपाशी पाच वर्षांची मुदत असते. पुढचा आराखडा हाती घेताना तांबड्या शाईची पहिली रेघ ओढण्यापूर्वी तो नकाशा त्या ओसरीवर नेऊन उलगडला, तर घरातील माणूस दार लावून घेणार नाही. तो बाहेर येईल आणि पाणी कोठून वाहते ते बोट ठेवून दाखवील.