मागून मिळालेला रेटा



अमेरिकेतील आयोवा राज्यात नॉक्सव्हिल हे छोटे गाव आहे. तेथील अर्ध्या मैलाच्या मातीच्या धावपट्टीवर ऑगस्टमध्ये स्प्रिंट कारची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिचा आरंभ १९६१ चा. शनिवारच्या अंतिम शर्यतीसाठी मी मुद्दाम गेलो होतो. सुमारे ९०० अश्वशक्तीच्या, माथ्यावर रुंद पंख असलेल्या त्या गाड्या वळणावर आडव्या घसरत जातात आणि ओल्या मातीचे शिंतोडे प्रेक्षकांपर्यंत उडतात.

मनात राहिले ते मात्र निराळेच. या गाड्यांना स्टार्टर नसतो. दुसरे वाहन मागून ढकलत नेते. इंजिन सुरू झाले की ते मुकाट्याने बाजूला होते. शर्यतीत गाडी बंद पडली, तर तेच पुन्हा धावून येते.

मला आपले गणिताचे सर आठवले. नववीत नापास झाल्यावर मी शाळा सोडणार होतो. सर घरी आले. वर्षभर पहाटे शिकवीत राहिले. मी मार्गाला लागलो आणि त्यांना साधे पत्रही लिहिले नाही. आज ते हयात नाहीत.

ढकलणाऱ्या वाहनाची नोंद निकालपत्रकात होत नाही. हीरकमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून ती मी उशिरा करीत आहे.