शाळा पाहावयास आलेले पाहुणे



मिशनऱ्यांच्या शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, त्यांनी धर्म बुडवला. दुसरा म्हणतो, त्यांनी देश शहाणा केला. दोघेही बोलतात ते मिशनऱ्यांविषयी. त्या शाळेत शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाटी घेऊन बसलेल्या मुलाला काय हवे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज आम्ही एका जुन्या पाहणीची हकीकत सांगणार आहो, ती या मुलाकडे नजर ठेवून.

सन १८५४ च्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टन शहराहून दोन गृहस्थ मुंबईस उतरले. एक रूफस अँडरसन, अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे चिटणीस. दुसरे त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्प्सन. या संस्थेचे लोक १८१३ पासून मुंबईत होते व १८३१ पासून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास. मुंबईत त्यांनी १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. नगरास सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८३९ पासून मुलींना शिकवीत होती. चाळीस वर्षे पैसा धाडणाऱ्यांना आता हिशेब पाहावयाचा होता. आगगाडी तेव्हा घाट चढली नव्हती. तेव्हा कल्याणच्या पुढचा बहुतेक प्रवास जुन्याच वाहनांनी झाला असणार.

त्यांनी पाहिले काय? खेड्यातील मिशनची शाळा म्हणजे बहुधा गावकुसाबाहेरची एखादी खोली. एकच पंतोजी, थोड्या पाट्या, बाराखडी, पाढे आणि प्रश्नोत्तररूप धर्मपुस्तक. मुले पुष्कळदा महारमांगांची. ती तेथे का जात, याचे उत्तर सोपे आहे. त्यांना दुसरीकडे कोणी घेत नव्हते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने अर्ज केला, तो नाकारला गेला. एकट्यासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, हे त्यामागचे भय होते. दार एकच उघडे असले, म्हणजे ते कोणी व कोणत्या हेतूने उघडले, याची चिकित्सा करण्याची चैन गरिबाला परवडत नाही.

अँडरसनसाहेबांचा प्रश्न सरळ होता. आमच्या लोकांनी पैसा दिला तो शुभवर्तमान सांगण्यासाठी. तो इंग्रजी शिकवण्यात का खर्चावा? मुले इंग्रजी शिकतात, कंपनी सरकारची नोकरी धरतात आणि मिशनला रामराम ठोकतात. सबब इंग्रजी शाळा नकोत. शिक्षण द्यावयाचे ते मातृभाषेत, आणि तेही मंडळीच्या उपयोगापुरते. खेडोपाडी लहान मंडळ्या उभाराव्यात, त्यांवर एतद्देशीय पाळक नेमावेत आणि परकीयांनी हळूहळू बाजूस व्हावे.

यातील शेवटचा भाग दूरदृष्टीचा होता, हे कबूल केले पाहिजे. परक्याने आपले आसन कायमचे मांडू नये, असे म्हणणारे साहेब त्या काळी थोडेच होते. मातृभाषेविषयीचे त्यांचे म्हणणेही पोकळ नव्हते. तथापि परिणाम काय झाला? अहमदनगरची इंग्रजी शाळा बंद झाली. पुढे सिंहलद्वीपात, जाफन्याजवळ, १८२३ पासून चाललेले बट्टिकोटा येथील नामांकित विद्यालय १८५५ साली मिटले. ज्यांच्यासाठी शाळा होती त्यांना काय पाहिजे, हे या निर्णयात शेवटी कोठेच मोजले गेले नाही.

आता याच नगरास त्यापूर्वी आलेल्या दुसऱ्या एका पाहुण्याची आठवण करा. पुण्याचे जोतीराव फुले आपले मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्याकडे गेले असता फरारबाईंच्या शाळा पाहून आले. पदरी ना संस्था ना पैसा. परत येऊन १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढे महारमांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. शाळा तीच, पाहुणे दोन. एकाने पाहिले की यातून आपल्या संस्थेच्या पदरात काय पडते. दुसऱ्याने पाहिले की हे आपल्या माणसांसाठी आपण का करीत नाही.

आणि फळ पाहा. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ नावाचे पत्र १८४२ पासून निघत होते. हे डेप्युटेशन येऊन काही महिनेच झाले होते, तोच १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या पत्राने एक निबंध छापला. लिहिणारी होती फुल्यांच्या शाळेतील मुक्ता, चौदा वर्षांची मांगाची पोर. वेद आमचे नव्हेत, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांची दशा सांगितली, आणि आपल्या लोकांना शिकण्यास बजावले. अक्षरे हाती आल्यावर मूल काय बोलेल, हे कोणत्याही चिटणीसाला आधी ठरवता येत नाही! मिशनच्या पत्राने ते छापले, हे त्याचे श्रेय आम्ही नाकारीत नाही.

पुढे लोकांच्या मागणीने आपला मार्ग काढलाच. जाफन्यात तेथील लोकांच्या खटपटीने १८७२ मध्ये कॉलेज उभे राहिले. नगरास १८८२ मध्ये मिशनला पुन्हा इंग्रजी हायस्कूल काढावे लागले. आणि १९०६ साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईस परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा आपल्या संस्थेच्या इंग्रजी नावात त्यांनी ‘मिशन’ हाच शब्द घेतला. शब्द परक्यांचा, पण ओझे आता घरच्या माणसाने उचलले.

कोणी म्हणेल, मिशनऱ्यांनी भुकेल्याच्या भाकरीला अट जोडली, ती तुम्ही माफ करता काय? आम्ही करीत नाही. भुकेल्यापुढे ताट मांडून त्याच्या देवाची चौकशी करणे शोभत नाही. पण तेथे ताट मांडावयास दुसरे कोणी का गेले नाही, हाही प्रश्न तितकाच खरा आहे आणि तो आपल्या पूर्वजांना विचारावयाचा आहे.

आज शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आहे. तरीही गरीब वस्तीतील शाळेत पाहुण्यांच्या तुकड्या येतच असतात. कोणी धर्माच्या नावाने येतो, कोणी पक्षाच्या, कोणी कंपनीच्या. मुले ओळीने उभी राहतात, स्वागतगीत म्हणतात, वह्या घेतात, छायाचित्र निघते. पाहुण्याला वाटते, आपण शाळा तपासली. खरे म्हणजे त्या वेळी मुलेही पाहुण्याला तपासीत असतात. हा पुन्हा येईल काय? छप्पर गळते ते याला दिसले काय? आम्हांस काय शिकावयाचे आहे, हे हा विचारील काय?

या गावातही अशा शाळा आहेत. या व्याख्यानमालेस येणारे आपण सर्व केव्हा ना केव्हा त्यांच्या दारी पाहुणे म्हणून जाणार. जाताना वह्या अवश्य न्याव्यात. पण हा एक प्रश्न बरोबर नेण्यास विसरू नये, आणि उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी ते ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.