कान का फुटतो?

राजाराम बंधारा पाण्याखाली जाईल एवढी झड लागली की कोल्हापुरात घरोघरी पोरं सर्दीनं बेजार. चार दिवसांनी एखादं रात्री कान धरून रडतं. ऱ्हायनो, आरएसव्ही हे सर्दीचे विषाणू नाकामागून मध्यकर्णाकडे जाणारी नळी सुजवतात. लहानग्यांची नळी आखूड, जवळजवळ आडवी. ती तुंबली की न्यूमोकोकससारखे जिवाणू आत वाढतात, पू साठतो, कधी पडदा फुटतो.

मग भावंडांत एकाचाच कान सारखा का वाहतो? त्यात जनुकांचाही हात असतो. एफयूटी-२ या जनुकातल्या काही बदलांमुळे नाक-कानाच्या आतल्या अस्तरावरच्या शर्करा बदलतात, आणि तिथली जिवाणूंची वस्तीही. अर्थात चुलीचा धूर, आडवं निजवून पाजलेली बाटली यांचाही दोष विसरू नका. वाहत्या कानात तेल मुळीच नको. न्यूमोकोकसची लस सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पहिला डोस दीड महिन्याला.